हात कुठे द्यायचा आणि कुठे काढून घ्यायचा: दिव्यांग व्यक्तींच्या साहाय्याचं काम शिकताना

या कामात नव्याने येणाऱ्याला पहिल्या आठवड्यात सर्वांत जड जातं ते हात मागे ठेवणं. समोरचा माणूस शर्टाचं शेवटचं बटण लावतोय, बोटं थरथरतायत, बटण काजाच्या कडेवरून तीनदा निसटतं आणि आपला हात नकळत पुढे जातो. दोन सेकंदांत बटण लागतं, काम झाल्यासारखं वाटतं. पण ते बटण स्वतः लावता यावं म्हणून त्या माणसाने कित्येक आठवडे सराव केलेला असतो, आणि आपण त्याच्यावर पाणी ओतलेलं असतं. हात नेमका कुठे द्यायचा हे प्रशिक्षणात शिकवतात. तो कुठे काढून घ्यायचा हे माणसागणिक शिकावं लागतं. पुढे जे लिहिलंय ते या दोन गोष्टींबद्दल आहे, आणि त्यांच्या जोरावर व्यवसायात पाय कसे रोवायचे याबद्दल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १३० कोटी लोक, म्हणजे दर सहांतला एक जण, लक्षणीय अपंगत्वासह जगतो. त्यामुळे ‘साहाय्यक’ या एका शब्दाखाली फार वेगवेगळी कामं येतात. कुणाला अंघोळीपासून झोपेपर्यंत मदत लागते, कुणाला फक्त नवा प्रवासमार्ग पाठ होईपर्यंत सोबत. कुणाचे अर्ज वाचून सोप्या शब्दांत सांगायचे असतात, तर कुणाला रात्री दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं. कामासाठी अर्ज करण्याआधी यातलं आपल्याला काय झेपेल याचा प्रामाणिक विचार करावा. लघवी-शौचाच्या मदतीची किळस अनेकांच्या बाबतीत पंधरा दिवसांत मावळते. पण ज्याला घाई आवरत नाही, त्याला हे काम वर्षभरानंतरही छळतं.

या व्यवसायाचा मूळ विचार कुठून आला हे माहीत असलं की रोजचे बरेच निर्णय सोपे होतात. पोलिओमुळे मानेखालचं शरीर जवळजवळ निकामी झालेले आणि रात्री लोखंडी फुफ्फुसात, म्हणजे श्वास चालवणाऱ्या पेटीसारख्या यंत्रात, झोपणारे एड रॉबर्ट्स यांनी साथीदारांसह १९७२ साली अमेरिकेतल्या बर्कलीत स्वतंत्र जीवन केंद्र उभं केलं. साहाय्यक कोण असावा, त्याने काय करावं आणि कसं करावं हे अपंग व्यक्तीने स्वतः ठरवायचं, हा तिथला पाया होता. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारातल्या १९ व्या कलमाने समाजात राहण्याचा, कुठे आणि कुणाबरोबर राहायचं ते निवडण्याचा हक्क मांडला, आणि त्यासाठी लागणारं वैयक्तिक साहाय्यही त्यातच नमूद केलं. म्हणून सकाळी कोणता शर्ट घालायचा हा प्रश्न घरातल्यांना विचारायचा नसतो. जो शर्ट घालणार आहे त्याला विचारायचा.

आत शिरताना

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. बहुतेक ठिकाणी चारित्र्य पडताळणी, प्रथमोपचार व सीपीआरचं प्रमाणपत्र, आरोग्य तपासणी आणि माणसाला उचलण्या-हलवण्याचं प्रशिक्षण मागतात. हेपॅटायटिस बीची लस आधीच सुरू करावी. तिचे नेहमीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिने असे असतात, तेव्हा ऐनवेळी ती पूर्ण होत नाही.

अभ्यासक्रम निवडताना माहितीपत्रकापेक्षा प्रशिक्षणाची खोली पाहावी. तिथे होइस्ट, म्हणजे माणसाला उचलून हलवणारं यंत्र, आहे का? व्हीलचेअर किती आहेत? आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे विद्यार्थ्याला स्वतः स्लिंगमध्ये, म्हणजे त्या यंत्राला अडकवायच्या कापडी झोळीत, बसवून उचलतात का? एकदा हवेत लटकलं की पाय अधांतरी होण्याची भीती, मान मागे कलण्याची भावना आणि मांडीत रुतणारी पट्टी हे सगळं अंगाला कळतं. त्याच दिवशी दुसऱ्याच्या हातून डोळे झाकून एक वाटी जेवावं आणि व्हीलचेअरवर बसून एका जड दारातून बाहेर पडून पाहावं. यातून अपंगत्व कळत नाही, तसा समजही करून घेऊ नये. पण साहाय्यकाच्या हाताचा वेग दुसऱ्या बाजूने कसा लागतो, तेवढं मात्र नक्की कळतं.

मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा. एकटं सोडण्याआधी अनुभवी साहाय्यकासोबत किती पाळ्या मिळतील? तीनपेक्षा कमी असतील तर आणखी मागा, आणि त्यांतली एक तरी सकाळच्या अंघोळीची असावी. त्या व्यक्तीचा आधार आराखडा, म्हणजे तिला कशात आणि कशी मदत लागते याची नोंद, लेखी आहे का आणि त्यावरची तारीख कधीची आहे? रात्री दोन वाजता अडचण आली तर फोन कोण उचलतं? होइस्टसाठी दोन माणसं लागतील असं लिहिलेलं असताना पाळीवर एकच माणूस असतो का? शेवटच्या प्रश्नाला ‘जमवून घेतात सगळे’ असं उत्तर मिळालं तर ती नोकरी घेऊ नये. त्या जमवून घेण्यात कंबर साहाय्यकाची जाते आणि पडतो तो स्लिंगमधला माणूस.

सोबतीच्या पाळ्यांत नवे लोक जुन्या साहाय्यकाच्या हातांकडे बघत बसतात. बघायचं असतं त्या व्यक्तीच्या चेहऱ्याकडे. पाणी अंगावर घेताना कुठे आक्रसते, कोणत्या क्षणी डोळे बंद करते, कोणत्या वाक्यावर हसते. आराखडा वाचताना आधी सहा गोष्टी शोधून वेगळ्या लिहून घ्या: ‘हो’ आणि ‘नाही’ कसं सांगते, गिळण्याची अडचण, आकडी आणि ॲलर्जी, बिछान्यातून उठण्याची पद्धत, त्वचेच्या नाजूक जागा, आणि तिला काय अजिबात आवडत नाही. सहावी गोष्ट आराखड्यात क्वचितच सापडते. ती विचारूनच मिळते.

बोलणं

मराठीत या कामाची पहिली परीक्षा ‘तू’ आणि ‘तुम्ही’ इथेच होते. चाळीस वर्षांच्या बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाला पहिल्याच भेटीत ‘बाळा, तू जेवलास का’ असं विचारलं की त्याचं वय आपण एका वाक्यात पुसून टाकतो. ‘आता आपण छान अंघोळ करूया हं’ यातलं ‘आपण’ही तसंच. अंघोळ एकालाच करायची असते. अनोळखी प्रौढाला ‘तुम्ही’. त्याने सांगितलं तर ‘तू’.

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवरचा ताबा कमी होण्याची स्थिती, असलेल्या अनेकांचं उच्चारण अस्पष्ट असतं, आणि त्यावरून बुद्धीचा काहीच अंदाज बांधता येत नाही. प्रश्न विचारल्यावर मनात सावकाश दहापर्यंत मोजा. नवखा तिसऱ्या सेकंदाला प्रश्न पुन्हा विचारतो, तोही बदललेल्या शब्दांत. मग समोरच्याला आधीची जुळवाजुळव टाकून नव्याने सुरुवात करावी लागते. समजलं नाही तर ‘मला कळलं नाही, पुन्हा सांगाल का’ असं म्हणा. समजल्याचं नाटक लगेच पकडलं जातं आणि मग माणूस महत्त्वाचं काही सांगायचंच सोडून देतो. तरी नाही जमलं तर कळलेला भाग उच्चारून दाखवा: ‘उद्याचं काहीतरी आहे, एवढं कळलं. कुठे जायचंय का?’

चित्रांचा तक्ता, अक्षरफलक किंवा बोलणारं यंत्र वापरणाऱ्या व्यक्तीच्या हाताशी ते सतत असलं पाहिजे. अंघोळीच्या वेळीही. त्यासाठी लॅमिनेशन केलेला वेगळा तक्ता ठेवावा. ‘जेवताना मध्ये येतं’ म्हणून तक्ता बाजूला ठेवणं म्हणजे त्या माणसाच्या तोंडावर हात ठेवणं.

अंध व्यक्तीला धरून ओढू नये. आपलं कोपर पुढे करावं. ती कोपराच्या वर पकडेल आणि अर्धं पाऊल मागे चालेल. जिना आला की थांबून ‘चढ’ की ‘उतार’ एवढं सांगायचं. खुर्चीपाशी तिचा हात पाठीच्या टेकणीवर ठेवला की पुढचं तिचं ती बघते. कर्णबधिर व्यक्तीशी बोलताना खिडकीकडे पाठ करून उभं राहू नका, उजेडाविरुद्ध ओठ दिसत नाहीत. दुभाषी सोबत असला तरी बोलायचं त्या व्यक्तीकडे बघून.

बिछान्यातून व्हीलचेअरवर

हे काम जवळून सांगतो, कारण दुखापती इथेच होतात. समजा, एका बाजूने अशक्त पण पायांवर थोडा भार घेऊ शकणारी व्यक्ती बिछान्याच्या कडेला बसली आहे. व्हीलचेअर तिच्या बळकट बाजूला, बिछान्याशी साधारण ३० ते ४५ अंशांच्या कोनात लावा. ब्रेक लावून खुर्ची हाताने हलवून बघा. हवेच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर ब्रेकची पट्टी टायरला नीट दाबत नाही आणि ब्रेक ‘लागलेला’ दिसूनही खुर्ची सरकते. पडण्याचं हे एक अगदी साधं कारण आहे. ते टाळायला आठवड्याला हवा तपासणं पुरतं. फूटरेस्ट बाजूला काढा. वर उचलून ठेवलेल्या फूटरेस्टची कड पोटरीचं कातडं फाडते. पायांत चप्पल नको, मागून बंद असलेले बूट हवेत.

आता कुल्ले कडेपर्यंत पुढे सरकवायचे. पाय खांद्यांएवढे फाकलेले, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे. ट्रान्सफर बेल्ट, म्हणजे आधारासाठी धरायचा रुंद पट्टा, कमरेला असा की आत दोन बोटं जेमतेम जातील. आधी ठरवून घ्या: ‘तीन’ म्हटल्यावर उठायचं की ‘तीन’च्या क्षणी? हा बालिश वाटणारा प्रश्न विचारला नाही तर एक जण उठतो आणि दुसरा वाट बघतो. मग व्यक्तीला पुढे झुकू द्या, नाक पायाच्या बोटांवर येईपर्यंत. इथे नवख्याची मोठी चूक होते. तो समोर इतका चिकटून उभा राहतो की पुढे झुकायला जागाच उरत नाही, आणि मग पूर्ण वजन ओढून वर घ्यावं लागतं. थोडं बाजूला उभे राहा, आपल्या गुडघ्याने तिच्या अशक्त गुडघ्याला अडसर द्या, हात बेल्टवर ठेवा. झुकणं पुरेसं झालं की बसलेला भाग स्वतःहून उचलला जातो, आणि तुमच्या हाताला फक्त दिशा द्यायची उरते.

उभं राहिल्यावर दोन-तीन श्वास थांबा. चक्कर आलीच तर ती इथेच कळेल आणि मागे बिछाना असेल. मग छोट्या पावलांनी वळायचं. मांड्यांची मागची बाजू सीटला टेकली हे तिने स्वतः सांगितल्यावर तिचा हात खुर्चीच्या हातावर जाऊ द्या आणि सावकाश खाली बसू द्या. काखेत हात घालून उचलू नका. पक्षाघाताच्या बाजूचे खांद्याचे स्नायू सैल असतात आणि अशा ओढण्याने सांधा खाली निसटतो. मग महिनोन्महिने दुखणं राहतं. तिला आपल्या गळ्यात हात टाकू देऊ नका. पाय घसरला तर सगळं वजन तुमच्या मानेवर येतं.

पायांवर भार घेता येत नसेल तर होइस्ट. दर वेळी स्लिंगची शिवण, पट्ट्या आणि वजनमर्यादेचं लेबल बघायचं. लेबल धुण्यात पुसलं गेलं असेल तर ती स्लिंग वापरायची नाही. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकाच रंगाच्या फासात अडकवायच्या, नाहीतर माणूस तिरका लटकतो. बिछान्यापासून काही सेंटिमीटर उचलून थांबा, सगळे फास ताणले गेलेत का ते हाताने तपासा, चेहरा बघा, मग पुढे. उत्पादकाने वेगळं सांगितलं नसेल तर उचलताना होइस्टच्या चाकांचे ब्रेक मोकळे ठेवतात, म्हणजे यंत्र स्वतःच भाराच्या मध्याखाली सरकतं. वरच्या आडव्या दांड्यावर एक हात सतत ठेवावा. सुटल्यावर तो झोका घेतो आणि कपाळावर बसतो.

होइस्टमध्येही माणूस निव्वळ ओझं नसतो. ज्याचा एक हात चालतो त्याला बटण दाबायला द्या. केव्हा वर जायचं हे त्याने ठरवलं की अंगाचा ताठरपणा कमी होतो आणि स्लिंग नीट बसते.

त्वचेकडे रोज, अंघोळीच्या वेळी. माकडहाड, टाचा, कमरेच्या बाजू, कोपरं, कानांच्या पाळ्यांची मागची बाजू. लालसर डाग दिसला तर बोटाने तीन सेकंद दाबून सोडा. दाबाखाली तो फिका पडत नसेल तर शय्याव्रण, म्हणजे सततच्या दाबाने होणारी जखम, सुरू झालाय असं धरायचं आणि त्या जागेवरचा भार लगेच काढायचा. सावळ्या त्वचेवर हा रंगबदल दिसत नाही. तिथे हाताच्या मागच्या बाजूने आजूबाजूच्या कातड्याशी तुलना करावी: जास्त गरम, जास्त कडक की उलट लिबलिबीत? असा डाग चोळायचा नाही, आतली ऊती आणखी फाटते. खुर्चीवर बसणाऱ्याने दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून भार हलवावा आणि त्या स्थितीत साधारण दोन मिनिटं राहावं. क्षणभर उचलून परत बसण्याने रक्तप्रवाह पुरता सुरू होत नाही.

जेवण भरवताना

गिळण्याची अडचण असलेल्या माणसाला भरवताना घाई केली तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. काहींना तेव्हा ठसकाही लागत नाही, म्हणून तो भरवशाचा इशारा नाही. जेवताना आवाज ओला, घरघरता होणं, डोळ्यांत पाणी येणं, जेवणानंतर वारंवार बारीक ताप, छातीचा संसर्ग परत परत होणं यांपैकी काहीही दिसलं तर लिहून ठेवा आणि स्पीच थेरपिस्टकडे (गिळण्याची तपासणीही तेच करतात) तपासणी मागा.

पेय किती घट्ट आणि अन्न किती मऊ असावं याची ० ते ७ अशी आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे. त्यात ० ते ४ पेयांचे स्तर, ३ ते ७ अन्नाचे. ‘जरा घट्ट कर’ असं तोंडी सांगून भागत नाही. १० मिलीची सिरिंज घ्या, जिच्यावरची ० ते १० ची पट्टी ६१.५ मिलिमीटर लांब असते अशी. टोकावर बोट धरून १० च्या खुणेपर्यंत पेय भरा, बोट सोडा आणि दहा सेकंदांनी पुन्हा बंद करा. १ ते ४ मिली उरलं तर स्तर १, ४ ते ८ उरलं तर स्तर २, ८ च्या वर पण १० पेक्षा कमी उरलं तर स्तर ३. घट्ट करणारी पावडर टाकल्यावर पाकिटावर लिहिलेला वेळ थांबावं लागतं. लगेच तपासलं तर पातळ वाटतं, आणखी एक चमचा पडतो आणि पाच मिनिटांत पेयाची खळ होते. मग माणूस पाणीच नाकारतो, आणि त्यातून बद्धकोष्ठता आणि लघवीचे संसर्ग येतात. मऊ, बारीक तुकड्यांच्या अन्नात म्हणजे स्तर ५ मध्ये प्रौढांसाठी तुकडा ४ मिलिमीटरपेक्षा मोठा नसावा, आणि नेहमीच्या काट्याच्या दोन दात्यांमधलं अंतर साधारण तेवढंच असतं.

भरवणाऱ्याने बसावं. उभं राहून भरवलं की समोरच्याला मान वर करावी लागते आणि वर केलेल्या मानेने श्वासमार्ग उघडा पडतो. चमचा समोरून, ओठांच्या किंचित खालून आणा. तोंड उघडेपर्यंत थांबा. चमचा वरच्या दातांवर घासून रिकामा करू नका, ओठ मिटून त्यांनाच घास ओढून घेऊ द्या. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली की घास गेला. तोपर्यंत दुसरा चमचा भरूनही ठेवू नये, कारण भरलेला चमचा दिसला की माणूस घाई करतो. तोंडात घास असताना प्रश्न विचारायचा नाही. जेवण झाल्यावर किमान ३० मिनिटं बसतं ठेवा आणि तोंड स्वच्छ करा. गालात उरलेले कण आणि त्यातले जंतू रात्री झोपेत छातीत उतरतात.

आणि इथेही हात काढून घेण्याची जागा शोधत राहावी. जाड मुठीचा चमचा, घसरू न देणारी चटई, एका बाजूने उंच कडेचं ताट एवढ्या तीन वस्तूंनी कित्येक जण निम्मं जेवण स्वतः जेवू लागतात. थकवा आला की उरलेलं आपण भरवायचं.

शिकवणं म्हणजे पायऱ्या काढणं

नवं काम शिकवताना शेवटून सुरुवात केलेली बरी. टी-शर्ट घालायचा असेल तर आधी सगळं आपण करायचं आणि पोटावरून खाली ओढण्याची शेवटची पायरी त्या व्यक्तीसाठी ठेवायची. काम पूर्ण झाल्याचं समाधान पहिल्या दिवशीच तिच्या वाट्याला येतं. ते पक्कं झालं की शेवटच्या दोन पायऱ्या. अंगाची एक बाजू अशक्त असेल तर घालताना अशक्त हात आधी, काढताना बळकट हात आधी.

मदतीचेही थर आहेत: हात धरून करून घेणं, कोपराला नुसता स्पर्श, करून दाखवणं, बोट दाखवणं, एक शब्द, आणि शेवटी नुसतं थांबणं. प्रत्येक पायरीपुढे कोणता थर लागला ते त्याच दिवशी लिहायचं. हे लिहिलं नाही तर सकाळचा साहाय्यक जिथे फक्त बोट दाखवतो तिथे संध्याकाळचा हात धरून करवतो, आणि माणूस महिनाभर तिथल्या तिथे अडकतो. बऱ्याचदा ‘याला जमत नाही’ हा शेरा या विसंगतीतून आलेला असतो.

ज्याला ‘त्रासदायक वर्तन’ म्हणतात त्याबद्दल आमचं मत ठाम आहे: आधी दुखणं शोधा. बोलू न शकणारी व्यक्ती डोकं आपटू लागली, चावू लागली, जेवण ढकलू लागली तर दात, कान, बद्धकोष्ठता, मासिक पाळी, नवं औषध या क्रमाने बघा. शौचाची नोंद चार दिवस कोरी असेल तर उत्तर अनेकदा तिथेच असतं. त्यानंतर वर्तनाच्या आधी काय घडलं, नेमकं काय झालं आणि नंतर काय मिळालं किंवा टळलं, अशा तीन रकान्यांची नोंद दोन आठवडे ठेवा. मिक्सर सुरू होण्याआधी कान झाकणाऱ्या स्वमग्न मुलाला ‘हट्टी’ म्हणण्यात काही अर्थ नाही. आवाज होणार हे आधी चित्र दाखवून सांगणं किंवा मिक्सर दार लावून चालवणं, एवढ्याने प्रश्न मिटू शकतो.

तातडीचे दोन प्रसंग

आकडी आली की पहिली नजर घड्याळावर. डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करा, झटके ओसरले की कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांच्या वर चालली, एकीला लागून दुसरी आली किंवा श्वास पूर्ववत झाला नाही तर रुग्णवाहिका. व्यक्तीचा स्वतःचा आकडी आराखडा असेल तर तो याहून वरचढ.

दुसरा प्रसंग कमी जणांना माहीत असतो. पाठीच्या कण्याला छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा झालेल्या माणसाचं डोकं अचानक ठणकू लागलं, चेहरा लाल झाला, इजेच्या वरच्या भागात घाम फुटला, तर रक्तदाब झपाट्याने चढत असण्याची शक्यता धरा. आडवं झोपवू नका. ताठ बसवा, पाय खाली सोडा, पट्टा, बूट, घट्ट कपडे सैल करा. मग लघवीची नळी तपासा: पीळ पडलाय का, पिशवी तुडुंब आहे का, कुणी नळीवर बसलंय का? कारण सापडत नसेल किंवा दुरुस्त करूनही दाब उतरत नसेल तर लगेच रुग्णवाहिका, आणि येणाऱ्यांना या त्रासाचं नाव सांगायचं: ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. अशा व्यक्तीचा नेहमीचा रक्तदाब कमी असतो. वरचा आकडा ९० ते ११० असणाऱ्याला १४० हा धोक्याचा आकडा आहे, म्हणून तिचा रोजचा आकडा आराखड्यात लिहिलेला हवा.

नोंद, सीमा आणि पुढची वाट

कामाला वजन येतं ते नोंदीमुळे. ‘आज चिडचिड केली, जेवण कमी’ या वाक्याचा कुणालाच उपयोग नाही. ‘१२:४० ला तीन चमच्यांनंतर डावा गाल धरला, तोंड फिरवलं. थंड पाणी दिल्यावर ओरडले. १:१५ ला कोमट पेय पूर्ण घेतलं, २०० मिली’ असं लिहिलं तर दंतवैद्याची वेळ त्याच दिवशी ठरते. जे पाहिलं ते लिहा, त्यामागचा अंदाज वेगळ्या ओळीत. औषधाची सही गोळी गिळलेली पाहिल्यावरच करायची, आधी नाही. नाकारली तर ‘नाकारली’ असं लिहायचं. हळूहळू विरघळणाऱ्या किंवा आवरण असलेल्या गोळ्या औषधतज्ज्ञाला विचारल्याशिवाय कुटू नयेत, सगळा डोस एकदम अंगात जाऊ शकतो. आणि हे सगळं त्या व्यक्तीने उद्या वाचलं तरी आपली मान खाली जाणार नाही अशा भाषेत.

पैशांना हात लावावा लागला तर प्रत्येक पावती, उरलेली रक्कम आणि दोन सह्या. उसने पैसे देणं-घेणं नाही. फोटो समाजमाध्यमांवर नाहीत, पालकांनी परवानगी दिली तरी त्या व्यक्तीची स्वतःची परवानगी वेगळी लागते.

सुरक्षिततेच्या नावाखाली माणसाला घरात कोंडणं ही या क्षेत्रातली जुनी खोड. धोका पत्करण्यातही सन्मान असतो हा विचार अमेरिकी लेखक रॉबर्ट पर्स्के यांनी १९७२ मध्येच मांडला. एकट्याने दुकानात जायचंय म्हणणाऱ्याला ‘नको’ म्हणण्यापेक्षा रस्ता तुकड्यांत वाटा: आधी शेजारी चालत, मग दहा पावलं मागून, मग चौकात उभं राहून, मग फोनवर. प्रत्येक टप्प्याला काय बिघडू शकतं आणि तेव्हा तो काय करेल, हे त्याच्याबरोबर बसून लिहा.

सुरुवातीचा मोबदला बहुतेक ठिकाणी तुटपुंजा असतो, आणि तो वाढतो एखादं अवघड कौशल्य हाती आल्यावर. वर्षभर पायाभूत काम केल्यावर एक दिशा धरावी: पोटातल्या नळीतून आहार व श्वासनळीचं सक्शन म्हणजे यंत्राने कफ ओढून काढणं, सांकेतिक भाषा, वर्तन-साहाय्य किंवा संवादसाधनं. सांकेतिक भाषा बारा दिवसांच्या कार्यशाळेत येत नाही. तिला स्वतःचं व्याकरण आहे आणि ती कर्णबधिर लोकांच्या संगतीत काही वर्षं राहून येते. पुढे गटप्रमुख, समन्वयक, प्रशिक्षक या जागा आहेत. काही जण ऑक्युपेशनल थेरपी, फिजिओथेरपी किंवा विशेष शिक्षणाच्या पदवीकडे वळतात, आणि वर्गात त्यांचा हातचा अनुभव लगेच उठून दिसतो. मात्र उत्तम साहाय्यकाने समन्वयक व्हायलाच हवं असं नाही. एका माणसाबरोबर आठ वर्षं नीट काम करणं हीसुद्धा कारकीर्दच आहे, आणि संस्थांनी तिची पगारवाढ वेगळी ठेवायला हवी.

महिन्यातून एकदा तरी वरिष्ठांबरोबर तासभर बसणं मागून घ्या, रोस्टर सोडून इतर गोष्टींबद्दल. ज्याला सहा वर्षं अंघोळ घातली तो माणूस गेल्यावर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी पाळी लावली जाते, आणि त्या दुःखाला रजेच्या अर्जात रकाना नसतो. अशा वेळी बोलायला कुणीतरी ठरलेलं असावं.

काम सोडतानाही एक पद्धत आहे. किमान चार आठवडे आधी त्या व्यक्तीला स्वतः सांगा, कॅलेंडरवर शेवटच्या दिवसाची खूण तिच्याच हाताने करवून घ्या. नव्या साहाय्यकाबरोबर तीन पाळ्या करा: पहिलीत तुम्ही करा आणि तो बघेल, दुसरीत निम्मं निम्मं, तिसरीत तुम्ही दाराशी बसा. आराखड्यात नसलेलं सगळं एका पानावर लिहून द्या. डावा बूट आधी. गार पाण्याचा तांब्या दिसला की घाबरतात, तो मागे ठेवायचा. ‘हो’ म्हणजे डोळे वर, पण सकाळी झोपेतून उठल्यावर पहिली दहा मिनिटं तो इशारा धरायचा नाही. शेवटचं बटण त्यांचं आहे. चार मिनिटं लागतात.